तुझं ज्यायो, माझी बोलणी

पार्बता, काल दुपारपासून मला कुणाला तरी एक गोष्ट सांगायची आहे. जिला सांगायची ती तू, आणि तू तर तेरवी उरकून मोकळी झालीस. असं कुणी करतं का? वेळेच्या आधी हजर व्हायची तुझी खोडच होती म्हणा. शाळेतली चूल नऊला पेटवायची असली तर तू आठलाच पायरीवर येऊन बसलेली. पण जायलाही एवढी घाई? अजून तीन आठवडे थांबली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं? माझं किती बिघडलं ते आता ऐक. आज रविवार आहे, चहा कधीचा निवला आहे, आणि मी हजेरीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानापासून लिहायला सुरुवात केली आहे.

तुझ्या भाच्यानं तेरवीचं कार्ड छापलं होतं. त्यावर तुझा आधार कार्डावरचा फोटो लावला. त्यात तू कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसतेस. खाली छापलं, ‘प्रेमळ व मनमिळाऊ’. मनमिळाऊ? माझ्याशी दिवसातून दोनदा भांडल्याशिवाय तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. जन्म कधीचा, माहेर कुठलं, मागे कोण कोण, सगळं कार्डावर आलं. आपल्या या चिमूरकडच्या जंगलकाठच्या गावात चिनी भाषेत ओरडणारी एकच बाई होती, हे तेवढं कुणी छापलं नाही. म्हणून हे माझं कार्ड. लिहिते आहे शाळेच्या भाषेत, कारण इतकी वर्षं फळ्यावर खडू घासून हाताला तेच वळण पडलं आहे. तू म्हणशील, वच्छलाबाई मोठी शहाणी झाली. म्हण.

तो शब्द तू भद्रावतीकडून आणलास. तिकडे एका वीज प्रकल्पाचं काम चालू होतं, यंत्रं चीनमधून आली होती आणि ती बसवायला माणसंही तिकडचीच. त्यांच्या मेसमध्ये तू दोन हिवाळे भाज्या चिरल्यास, ताटं वाढलीस. संध्याकाळी ते लोक जेवणाचीच टेबलं जोडून त्यावर टेबल टेनिस खेळायचे. एकदा एक म्हातारा फिटर हरायला आला आणि हॉलमधली सगळी माणसं, साहेब, हेल्पर, आचारी, एका सुरात ओरडायला लागली, “ज्यायो! ज्यायो!” तुला वाटलं आता हाणामारी होते. तू पातेलं खाली ठेवून दारामागे जाऊन उभी राहिलीस. म्हातारा हरलाच, पण हसत हसत घाम पुसत आला, आणि ज्याच्याशी खेळत होता तोसुद्धा मघा त्याच्याच नावानं ओरडत होता. हे काही तुझ्या डोक्यात शिरेना. मग त्यांच्या दुभाष्यानं तुला सांगितलं की शब्दाचा सरळ अर्थ ‘तेल टाक’, पण म्हणायचं असतं ते असं की जोर लाव, आम्ही आहोत. हे मला सांगताना तू किती हसली होतीस. म्हणालीस, आपले लोक आगीत तेल टाकतात आणि ते लोक माणसात टाकतात.

तिथून तू असे बरेच शब्द उचललेस. आचाऱ्याच्या हातून भांडं निसटलं की बाजूचा म्हणे ‘मेशऽ’, काही नाही झालं. तू मिरचीचा डबा सांडलास तेव्हाही सगळे शिंकत शिंकत तुला तेच म्हणाले. घाईत बोट कापून घेतलंस तर ‘मानमान-लाय’, सावकाश होऊ दे, घाई नाही. सासरी भांडं पडलं की आधी भांड्याला कुठं पोचा आला ते बघायचे आणि मग तुझ्याकडे वळायचे, हेही तूच सांगितलं होतंस. प्रकल्पाचं काम संपलं, ती माणसं गेली, तू गावात परत आलीस आणि आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायला लागलीस. मी पोरांना शिकवणारी, तू त्यांना जेवू घालणारी. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं.

मी तेव्हा पहाटे गावच्या पोरींना पोलीस भरतीसाठी पळवत होते. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. हातात शिट्टी, गळ्यात स्टॉपवॉच आणि तोंडात माझी ती गावभर गाजलेली भाषा. ए, वरातीत आलीस का? पाय आहेत की मांडवाचे खांब? अशानं पोलीस होशील, चोर तुला वळून टाटा करेल. तू सरपणाची मोळी घेऊन रस्त्याच्या कडेनं जायचीस आणि तोंड वाकडं करून ऐकायचीस. एक दिवस मोळी खाली टाकलीस आणि म्हणालीस की मी नाल्याच्या वळणावर उभी राहते, तिथं पोरींचा दम तुटतो. मी म्हटलं राहा, मला काय.

पहिल्या दिवसाची फजिती तू मेल्यावरही विसरली नसशील. थंडीचे दिवस, धुकं एवढं की हाताला हात दिसेना. पोरी वळणावर आल्या आणि तू ज्यायोची आरोळी ठोकलीस. तुझा आवाज म्हणजे काय सांगू, दोन गावांची मिळून एक हाळी. आता आपल्या गावात पहाटे शेताकडून बाईमाणसाचा ओरडा आला तर त्याचा एकच अर्थ असतो. पाच मिनिटांत अख्खं गाव रस्त्यावर. नामदेवभाऊ कमरेला टॉवेल गुंडाळून कुऱ्हाड घेऊन, त्यांच्यामागे थाळ्या बडवत बायका, कुणी दिवाळीचे उरलेले फटाके घेऊन. वनरक्षक स्वेटर उलटा घालून मोटारसायकलवर. नामदेवभाऊंनी विचारलं, “कुठी आहे?” तू म्हणालीस, “कोण?” ते म्हणाले, “वाघ!” आणि तू म्हणालीस, “मले काय माहीत? मी पोरींले पळवून राह्यली.” इकडे पोरींनी थाळ्या ऐकल्या आणि त्यांना वाटलं खरंच मागे वाघ लागला. त्या अशा पळाल्या, अशा पळाल्या, की त्या दिवसासारखा वेळ नंतर कुणाचा म्हणून लागला नाही. माझ्या स्टॉपवॉचची शपथ.

मग रस्त्यातच बैठक झाली. काही म्हणाले, बंद करा हे. वनरक्षक समंजस निघाला. तो म्हणाला, ओरडणं चांगलंच आहे, जनावर बाजूला राहतं, फक्त आधी तीन शिट्ट्या द्या म्हणजे गावाला कळेल की पोरी आहेत. तेव्हापासून आपल्या गावात पहाटे आधी माझ्या तीन शिट्ट्या आणि मग तुझं ज्यायो. दोन-चार महिन्यांत गाव पार बिघडलं. भाताच्या रोवणीच्या वेळी बांध्यांमध्ये कंबर मोडून उभ्या असलेल्या बायका एकमेकींना ज्यायो म्हणायला लागल्या. नामदेवभाऊ तर चालू न होणाऱ्या पाण्याच्या मोटरला म्हणायचे.

मला राग यायचा, पार्बता. खरं सांगते, हेवाच वाटायचा. पोरी माझी शिट्टी ऐकून खाली बघायच्या आणि तुझं वळण आलं की मान वर करायच्या. एकदा शाळेच्या पायरीवर तू तांदूळ निवडत होतीस तेव्हा मी भांडण काढलंच. म्हटलं, आपल्या भाषेत काय शब्दांचा दुष्काळ पडला आहे? शाब्बास आहे, दम धर आहे, हाण आहे. तुला तो परदेशचाच लागतो का?

तू सुपातला खडा उचलून फेकलास आणि म्हणालीस, “शाब्बास वरून येते वच्छला. मोठ्यानं लहानाले द्याची, तेही काम झाल्यावर. मले तुले शाब्बास म्हणता येते का? तू बाई, मी खिचडीवाली. ज्यायो कोणी कोणालेही म्हणते. तिथी हेल्पर साहेबाले म्हणे. आन् ते मधात म्हणतात, जवा माणूस मरून राह्यला असते तवा.”

मी आवाज चढवला. अडचणीत आले की मी तेच करते, हे तुला ठाऊकच होतं. मी म्हटलं, बोलणी खाऊन कुणी मेलं नाही आजवर. माझ्या बाबांनी मला बोलून बोलूनच घडवलं, म्हणून मी शाळेत असताना जिल्ह्याच्या शर्यतीत पळाले. तू सूप बाजूला ठेवलंस, माझ्याकडे बघितलंस आणि एवढंच विचारलंस, “मंग पळणं सोडलं काऊन?” मी म्हटलं, तुझी खिचडी लागली बघ खाली. आणि वर्गात निघून गेले.

त्याचं उत्तर आज देते. मी जिल्ह्याला दुसरी आले होते. बाबा एसटी स्टँडवर घ्यायला आले होते, धोतर धुऊन, मुद्दाम. मी सांगितलं दुसरी आले, आणि ते म्हणाले, पहिली कोण आली? झालं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं गं. त्यांचा माझ्यावर भारी जीव होता, त्यांना फक्त विचारायचं दुसरं काही सुचलं नाही. पुढच्या वर्षी मी नावच दिलं नाही. हे मी तेव्हा पायरीवर सांगितलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं, पण तू जिंकली असतीस आणि मला हरायचं नव्हतं.

आता माझ्या लेकीचं, प्रणालीचं. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि दोघींचीही जीभ सारखीच, हे तू रोज भिंतीपलीकडून ऐकतच होतीस. गेल्या भरतीला ती आठशे मीटरमध्ये थोडक्यात राहिली. मी मैदानावर होते. तू तेव्हा तुझ्या भाच्याकडे आरमोरीला गेली होतीस, म्हणून पुढचं तुला माझ्याकडून कधी कळलं नाही, तिनंच सांगितलं असेल. परत येताना भरल्या एसटीत मी तिला म्हटलं, शेवटच्या वळणावर पळत होतीस की म्हशीसारखी रवंथ करत होतीस? दोन-चार माणसं हसली. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली ते गाव येईपर्यंत. घरी आल्यावर तिनं बूट धुतले, वाळवले, कागदात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. मला वाटलं चार दिवसांचा रुसवा आहे. दोन महिने झाले तरी बूट माळ्यावरच.

ते बूट तू खाली काढलेस. तुझे ते दुखरे गुडघे घेऊन शिडीवर चढलीस, बया. ती म्हणाली, मावशी, मी नाई पळत आता. तू म्हणालीस, नको पळू, चाल, मी बी चालते तुझ्यासंगं. आणि चाललीस की. रोज पहाटे नाल्यापर्यंत, ती पुढे आणि तू मागे धापा टाकत, आणि तीच तुला वळून म्हणायची, ज्यायो मावशी. मी दाराच्या फटीतून बघायचे. दहा-पंधरा दिवसांनी ती एकटीच पुढे पळत सुटली आणि तू वळणावरच्या दगडावर बसून राहिलीस, विजयी मुद्रेनं. मी तुला चहा पाठवला होता त्या दिवशी, आठवतं? तो साधा चहा नव्हता, पण तोंडानं मी काही म्हटलं नाही.

आणि मग यंदाचा फॉर्म भरला तेव्हा ती आपल्या दोघींसमोर बोलली. म्हणाली, ही शेवटची खेप, नाही झालं तर आई म्हणेल तिथं लग्न करून मोकळी होते. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “ग्राउंडवर मावशी येईल. तू नको येऊ आई.” मी म्हटलं, नाही येत, कुणाला हौस आहे? म्हटलं खरं, पण नंतर दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. पोटच्या पोरीनं दार लावून घ्यावं आणि कडी आपल्याच हातानं बसवलेली असावी, तसं झालं. मला तिचं पोलीस होणं हवं होतंच. पण त्याहून जास्त मला मैदानाच्या जाळीशी उभं राहायचं होतं, तिनं बोलावलं म्हणून.

आणि तू आजारी पडलीस.

जिल्ह्याच्या दवाखान्यात तुझ्या नाकातोंडावर ऑक्सिजनची नळी. मी आले, तुझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून काय निघालं? ऊठ, नाटकं पुरे झाली, पोरी वळणावर खोळंबल्या आहेत. तू नळीमागून हसलीस. तुझा हात पलंगाच्या कडेला होता, मी तो धरलासुद्धा नाही, चादर नीट केली. ज्यायो हा शब्द अगदी ओठांवर आला होता, पार्बता. पण शेजारच्या पलंगावरची माणसं बघत होती, नर्स बघत होती, आणि मला लाज वाटली. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या बाईला जोर लाव म्हणायला मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारच होते, तेव्हा म्हणेन असं ठरवून मी बस पकडली.

तू गेलीस त्यानंतर प्रणाली चार दिवस पळाली नाही. पाचव्या दिवशी बूट घातले. आमच्यात ग्राउंडचा विषय निघाला नाही. तिनं ये म्हटलं नाही, नको येऊ हेही परत म्हटलं नाही. मी मात्र तयारीला लागले. हसू नकोस. शाळा सुटल्यावर चौथीच्या वर्गाचं दार लावून मी ज्यायो म्हणून बघत होते. पहिल्यांदा आवाज असा निघाला की जणू मी हजेरी घेते आहे. दुसऱ्यांदा धमकी दिल्यासारखा. तिसऱ्यांदा जोरात म्हटलं तर शिपाई काठी घेऊन धावत आला, म्हणाला, बाई, साप निघाला का? मी म्हटलं, होय, गेला तो.

काल पहाटे ती निघाली. मी तिच्यामागे वीस पावलांवर. एसटीत ती पुढे बसली, मी तीन बाकं सोडून मागे. तिनं वळून बघितलं नाही. कंडक्टर माझ्याजवळ आला, मी पर्स उघडली, तर तो म्हणाला, बाई, तुमचं तिकीट त्या समोरच्या पोरीनं काढलं. मी खिडकीकडे तोंड केलं. मी रडत नव्हते, वारा होता.

मैदानाच्या जाळीशी ही गर्दी. सगळ्या तालुक्यांतल्या आया, बाप, भाऊ, हातात पाण्याच्या बाटल्या, डबे. आणि पार्बता, सगळे माझ्याच भाषेत ओरडत होते. पळ ना व, झोपली का? अगं, घरी खायले कमी देलं होतं का? आमची इज्जत घालवतेस का? पन्नास तोंडांतून माझाच आवाज माझ्या कानावर आला. त्या ओरडण्यात जीव ओतलेला होता, हे मी शपथेवर सांगेन, पण जाळीच्या आतल्या पोरींची तोंडं मी पहिल्यांदा त्या बाजूनं बघितली. त्या माना आत घेऊन पळत होत्या.

प्रणालीची तुकडी आली. छातीवर नंबर, केस घट्ट बांधलेले, बूट तेच. शिट्टी झाली. पहिली फेरी ती मधल्या घोळक्यात. जाळीजवळून जाताना मी तोंड उघडलं आणि ओरडले, ज्यायो! आवाज चिरकला. शेजारच्या एका भाऊंनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, कुठल्या तुम्ही? मी म्हटलं, चीनच्या. त्यांनी मान डोलावली आणि परत पोरीकडे बघायला लागले. कुणाला काय पडलेलं असतं सांग.

दुसऱ्या फेरीला पलीकडच्या वळणावर ती मागे पडली. मला दुरूनच दिसलं. तिची मान मागे गेली, हात खाली आले. गेल्या वेळी नेमकं इथंच झालं होतं. एक पोरगी तिला ओलांडून गेली, मग दुसरी. ती जाळीच्या बाजूला वळली तेव्हा माझ्या डोक्यात काही उरलं नव्हतं, चौथीच्या वर्गातला सगळा सराव धुऊन निघाला होता. मी जाळीला दोन्ही हात रोवले आणि पोटातून जे आलं ते आलं.

“प्रणे, म्हशे, ज्यायो!”

तिनं ऐकलं. मला दिसलं की तिनं ऐकलं, कारण ती हसली. पळता पळता, दम तुटलेला असताना, दात दिसतील अशी हसली कार्टी, आणि मान सरळ झाली, हात वर आले, आणि मग काय सुटली म्हणतेस! मघा ओलांडून गेलेल्या दोघी मागे पडल्या. आणखी एक मागे पडली. मी जाळीच्या कडेकडेनं पळत होते, पायात चप्पल राहिली नव्हती, एकच ओरडत होते. शेजारच्या बाईची पोरगी त्याच तुकडीत होती. तिनं मला मध्येच विचारलं, काय म्हणून राह्यल्या तुम्ही? मी म्हटलं, म्हणा तुम्हीही, म्हणजे कळेल. आणि तीही तिच्या पोरीला म्हणायला लागली. मग ते चीनवाले भाऊसुद्धा. तू ते ऐकायला हवं होतंस, पार्बता. तुझ्यानंतर मी पहिल्यांदा एवढ्या जोरात ओरडले आणि मला मुळीच लाज वाटली नाही.

ती तुकडीत तिसरी आली. तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला वेळ लागला. मागच्या खेपेला जिथं अडली होती ते अंतर तिनं आरामात मागे टाकलं. यादी लागायची आहे, लेखी व्हायची आहे, मला सगळं माहीत आहे, पण पळणं झालं. आता आपलं भांडण. तू म्हणशील ज्यायोनं झालं. मी म्हणेन म्हशीनं झालं. हे आता कधी मिटायचं नाही, आणि बरंच आहे.

पण मला सांगायचं होतं ते हे नाही. ते यानंतर झालं.

मी फाटकाशी उभी होते, अनवाणी, आता ही काय म्हणते या धास्तीनं. नको येऊ म्हटलं होतं ना, असं म्हणाली तर काय उत्तर द्यायचं ते ठरवत होते. ती बाहेर आली, घामानं चिंब, ओठ पांढरे. माझ्या पायांकडे बघितलं. माझी चप्पल कुठून तरी शोधून आणली, माझ्यासमोर ठेवली आणि हळूच म्हणाली, “शिनखू-ला, आई.”

मी म्हटलं, आता हे कोणतं?

ती म्हणाली, “मावशीनं शिकवलं. चालत होतो तवा. हे पळताना नाई म्हणत, काम झाल्यावर म्हणतात. शाब्बास नाई हे. तुले लय कष्ट पडले आन् ते मले दिसले, एवढंच.” मग म्हणाली, “मावशी म्हणे, हे तुझ्या आईले म्हणजो एकदा. तिले कोणी म्हटलं नसन.”

मी तिथंच फाटकाच्या कडेला बसले. येणारे-जाणारे पोलीस बघत होते. बघू देत. प्रणाली बाजूला बसली आणि तिनं पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली. पळाली ती आणि पाणी मी प्यायले.

मग तिनं मला उरलेलं सांगितलं. मेसमध्ये तू ताटं वाढायचीस तेव्हा तो म्हातारा फिटर ताट दोन्ही हातांनी घ्यायचा आणि तुला तेच म्हणायचा, रोज. पहिला आठवडा तू मागे वळून बघत होतीस की हा कुणाला म्हणतो आहे. तुला म्हणतो आहे हे कळलं त्या दिवशी तू मोरीत जाऊन तोंड धुऊन आलीस.

ज्यायो तू गावभर वाटलंस, पाण्याच्या मोटरलासुद्धा दिलंस, आणि हा शब्द तेवढा झाकून ठेवलास. माझ्या पोरीच्या हाती दिलास, माझ्यासाठी. मला का नाही शिकवलास? मला शिकवला असतास तर तो तुलाच म्हण असं मागितल्यासारखं झालं असतं, म्हणूनच ना? इतकी वर्षं शाळेत तुझ्या हातचं खाल्लं मी. धुरानं लाल झालेले डोळे घेऊन, पदरानं डेग धरून तू वर्गाच्या दाराशी यायचीस, पोरांच्या आधी माझं ताट ठेवायचीस आणि उभी राहायचीस. मी पहिला घास घ्यायचे आणि म्हणायचे, मीठ कमी आहे पार्बता. रोज. कधी कमी, कधी जास्त. तू हं म्हणून जायचीस.

माझे कष्ट तुला दिसले म्हणून तू तो शब्द माझ्यासाठी ठेवलास. तुझे मला रोज दिसत होते. मी मिठाचं बोलत राहिले.